नेमणूक, निवडणूक आणि मधली मुदत

मुंबई विद्यापीठ दरसाल लाखाहून अधिक पदव्या देते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत त्याचा अंमल पसरलेला आहे, आणि या पट्ट्यात असे घर सापडणे आता कठीण, की ज्यात या विद्यापीठाचा एक तरी पदवीधर नाही. असे असूनही त्याच विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांचे दहा प्रतिनिधी पाठविण्यासाठी 2024 सालच्या सप्टेंबर महिन्यात जे मतदान झाले, त्याची मतदारयादी सुमारे 13,400 नावांची होती. आणि त्या यादीतलेही निम्म्याहून थोडे अधिकच मतदार केंद्रापर्यंत पोहोचले. लाखोंच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्या दहांना मिळाला, त्यांना तो काही हजारांनी दिला, आणि उरलेल्यांना अशी काही निवडणूक असते हेच ठाऊक नव्हते.

या अज्ञानाचा दोष सर्वस्वी लोकांकडे जात नाही. विद्यापीठ म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे परीक्षा, निकाल, गुणपत्रिका आणि फार झाले तर पदवीदान समारंभातील झगे येतात. परंतु परीक्षा कोणत्या पद्धतीने घ्यावी, शुल्क किती आकारावे, प्राध्यापकांच्या जागा केव्हा भराव्या, कोणत्या गावी नवे महाविद्यालय होऊ द्यावे आणि ठेवींतील पैसा कशावर खर्चावा, हे जेथे ठरते त्या मंडळांत कोण माणसे बसतात आणि तेथे ती कोणत्या दाराने आत येतात, हा प्रश्न मात्र दिवाणखान्यातील गप्पांत कधी निघत नाही. तो निघतो प्राचार्यांच्या, संस्थाचालकांच्या आणि प्राध्यापक संघटनांच्या कचेऱ्यांत. तेथे तो फार बारकाईने, अगदी एकेका मताचा हिशेब मांडून निघतो.

आज महाराष्ट्रातील बिगरकृषी सार्वजनिक विद्यापीठे ज्या कायद्याने चालतात, तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 हा होय. त्याचा अंमल 1 मार्च 2017 पासून सुरू झाला. त्याने अधिसभेची जी घडण सांगितली आहे, तीत आत येण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला पदसिद्धांचा: कुलपती, म्हणजे राज्याचे राज्यपाल, हे अधिसभेचे अध्यक्ष, कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाते, परीक्षा मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, शासनाचे उच्च व तंत्रशिक्षण संचालक, हे सारे पदाबरोबर येतात आणि पदाबरोबर जातात. दुसरा मार्ग निवडणुकीचा: संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांतून दहा, संस्थाचालकांतून सहा, महाविद्यालयीन अध्यापकांतून दहा, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतील अध्यापकांतून तीन आणि नोंदणीकृत पदवीधरांतून दहा. तिसरा मार्ग नामनिर्देशनाचा: कुलपतींनी नेमलेले दहा, विधानसभेच्या अध्यक्षांनी पाठविलेले दोन आमदार, विधान परिषदेच्या सभापतींनी पाठविलेला एक, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतून येणारे एखाद-दोन. निवडून आलेल्यांची बेरीज एकोणचाळीस होते आणि कुलपतींच्या नियुक्तांची दहा. एवढे आकडे पाहून कोणी म्हणेल की येथे लोकशाहीचे पारडे जड आहे. कागदावर ते आहेच.

परंतु अधिसभा हे विद्यापीठाचे सर्वांत मोठे मंडळ असले तरी सर्वांत समर्थ मंडळ नव्हे. ती वर्षातून दोनदा भरते, अर्थसंकल्पावर चर्चा करते, लेखापरीक्षणाच्या अहवालावर प्रश्न विचारते, ठराव करते, क्वचित सभात्याग करते. रोजचा कारभार, करारमदार, नेमणुका आणि खर्चाची मंजुरी हे सारे व्यवस्थापन परिषदेच्या हाती असते, आणि तिची रचना अगदी निराळ्या तोलाची आहे. कुलगुरू तिचे अध्यक्ष. अधिसभेने आपल्यातून निवडून दिलेले दोन प्राचार्य, दोन अध्यापक, दोन संस्थाचालक आणि दोन पदवीधर. विद्यापरिषदेने पाठविलेले दोन सदस्य. कुलपतींचा एक नियुक्त. कुलगुरूंनी नेमलेला एक अधिष्ठाता आणि एक विभागप्रमुख. शासनाचे सचिव व संचालक. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या विद्यापरिषदेकडून दोन सदस्य येतात ती स्वतःच बऱ्याच अंशी नियुक्तांची बनलेली असते. म्हणजे निवडणुकीचा प्रवाह अधिसभेतून व्यवस्थापन परिषदेपर्यंत पोहोचेतो त्यात नेमणुकीचे पाणी वाटेत बरेच मिसळते. 1994 च्या कायद्यात अधिष्ठाते विद्याशाखांतून निवडून येत; 2016 च्या कायद्याने ते पद पूर्णवेळ नियुक्तीचे केले, आणि विद्याशाखांची संख्या चारवर आणली. या बदलामागे डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या समित्यांनी केलेल्या शिफारशींचा आधार होता, आणि त्या शिफारशींचा रोख असा की मंडळे आटोपशीर असावीत, त्यांत तज्ज्ञ असावेत आणि निवडणुकीच्या राजकारणाने अध्यापनाचा बळी पडू नये. या विचारात तथ्य नाही असे कोण म्हणेल? प्राचार्यांच्या मतदारसंघात जातीपातीचे आणि संस्थांचे गट कसे पडतात, व्यवस्थापन परिषदेच्या जागा अधिसभेतल्या गटांच्या आपसांतील समझोत्याने बिनविरोध कशा वाटल्या जातात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना निवडणूक या गोष्टीचे भाबडे कौतुक उरत नाही.

तथापि नेमणुकीचा इतिहास या विद्यापीठाच्या जन्माइतकाच जुना आहे, आणि तो पाहिल्यावाचून आजच्या वादाचे मूळ कळत नाही. 1857 साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, 18 जुलै रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन करणारा कायदा मंजूर झाला. त्या कायद्याने मुंबईचा गव्हर्नर हा कुलपती ठरला आणि पहिल्या ‘फेलों’ची नावे कायद्यातच छापून आली, त्यांत बहुतेक युरोपीय अधिकारी होते, पण नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांचीही नावे होती. फेलो हे तहहयात असत. पुढच्या काळात फेलोचा मान हा सरकारी कृपेचा नजराणा होऊन बसला. विद्येशी ज्यांचा संबंध नाममात्र अशा धनिकांना, न्यायाधीशांना आणि दरबारी मंडळींना तो वाटला गेला, आणि शतक संपता संपता अधिसभा शेकडो नावांची एक अवजड यादी बनली. याच नेमणुकीच्या वाटेने, हे विसरून चालणार नाही, रानडे, तेलंग आणि भांडारकरही आत आले. 1862 च्या पहिल्या पदवीधरांत ज्यांची गणना होते ते महादेव गोविंद रानडे तीनच वर्षांनी फेलो झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे 1892 साली पहिले हिंदी कुलगुरू झाले आणि त्यांच्यामागून ते पद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून हद्दपार झालेल्या मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जो चिवट खटाटोप केला, त्याचे रणांगण हीच अधिसभा होती. नेमलेला माणूस नेहमीच मिंधा असतो असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

लॉर्ड कर्झन यांना या फुगलेल्या अधिसभा खटकल्या. त्यांच्या खटकण्यात एक खरे कारण होते आणि एक झाकलेले. खरे हे की, एवढ्या मोठ्या सभांत शिक्षणाचा विचार होत नसे. झाकलेले हे की, शिकलेल्या हिंदी लोकांचा आवाज त्यांत वाढू लागला होता. सर थॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली 1902 साली आयोग नेमून, त्याच्या अहवालावर 1904 चा विद्यापीठ कायदा बेतण्यात आला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील अधिसभांची मर्यादा त्याने पन्नास ते शंभर अशी ठरविली. त्यांतील दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडायच्या, दहा विद्याशाखांनी, आणि बाकीच्या साऱ्या कुलपतींनी भरायच्या. मुदत पाच वर्षांची. वाचकाने हा आकडा मनात ठेवावा: 1904 साली परक्या सरकारने पदवीधरांना दहा जागा दिल्या, आणि 2016 साली आपल्या स्वतःच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यातही पदवीधरांच्या जागा दहाच आहेत. मधल्या काळात पदवीधरांची संख्या किती पटींनी वाढली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला आणि फिरोजशहा मेहतांनी मुंबईत. विद्यापीठे ही सरकारी खात्याची शाखा होऊन बसतील, हा त्यांचा आक्षेप. कायदा तर झाला. पण खरी मौज पुढे आहे. नव्या कायद्याप्रमाणे पहिली तात्पुरती कार्यकारी मंडळे कशी घडवावी यासंबंधी कुलपतींनी ज्या अधिसूचना काढल्या त्यांच्या वैधतेलाच मुंबईत न्यायालयात आव्हान मिळाले. सरकारने काय केले? न्यायालयाचा निवाडा होऊ देण्याऐवजी 1905 साली एक नवा कायदाच करून त्या अधिसूचना पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरविल्या. गोखल्यांनी त्यालाही विरोध केला आणि तोही निष्फळ ठरला. मंडळ कोणाचे, हा वाद न्यायालयात गेला की सरकारने वेळ आणि कायदा ही दोन्ही शस्त्रे हाती घ्यावी, ही रीत या प्रांतात तेव्हापासूनची आहे.

स्वराज्यात विद्यापीठे वाढली. पुण्याचे विद्यापीठ 1949 च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. मराठवाड्याला 1958 साली आणि कोल्हापूरला 1962 साली आपापले विद्यापीठ मिळाले. प्रत्येकाचा प्रथम स्वतंत्र कायदा होता. पुढे 1994 साली एकत्रित कायदा आला आणि 2016 चा त्याच्या जागी आला. प्रत्येक वेळी प्रस्तावनेत स्वायत्ततेचा उल्लेख आदराने होतो, आणि प्रत्येक वेळी कलमांमध्ये कोणाचा तरी हात थोडा लांब होतो. 2021 च्या डिसेंबरात तेव्हाच्या सरकारने एक दुरुस्ती विधेयक आणले, ज्यायोगे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री हे ‘प्र-कुलपती’ होणार होते आणि कुलगुरूंच्या निवडीत शोध समितीच्या नावांमधून दोन नावे सरकारने राज्यपालांकडे पाठवायची होती. मंत्र्याचा हात विद्यापीठात असा उघड शिरू द्यावा काय, यावर मोठा गदारोळ झाला. पुढील वर्षी सत्तापालट झाल्यावर नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतले. या प्रकरणातून एक गोष्ट ध्यानात यावी. राज्यपाल आणि मंत्री यांच्यातील ती झटापट होती. प्राचार्य, अध्यापक, पदवीधर आणि विद्यार्थी यांचा तीत उल्लेख फक्त भाषणांपुरता होता. केरळात, तमिळनाडूत आणि बंगालमध्ये राज्यपाल व मंत्रिमंडळ यांचे याच कारणावरून जे खटके उडत आले आहेत, त्यांचीही जात हीच.

आता मूळ मुद्द्याकडे. नेमणूक विरुद्ध निवडणूक असा जो वाद आपण एक शतकाहून अधिक काळ घालत आलो, त्यात एक तिसरा आणि माझ्या मते सर्वांत प्रभावी मार्ग दुर्लक्षित राहिला आहे; तो म्हणजे काहीच न करण्याचा. जागा रिकामी ठेवण्यासाठी कोणत्याही कलमाची गरज लागत नाही, कोणाचे नाव जाहीर करावे लागत नाही, आणि त्याबद्दल कोणी उत्तर मागत नाही. 2015 साली राज्यातील विद्यापीठांच्या मंडळांची मुदत संपली, आणि नवा कायदा येणार म्हणून निवडणुका लांबणीवर पडल्या. नवा कायदा आला तो दोन वर्षांनी, आणि निवडणुका त्याहून उशिरा. नेमक्या त्याच अवधीत, 2017 साली, मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन संगणकाच्या पडद्यावर करण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. निकाल लांबले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडकले, आणि 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. निवडून आलेली अधिसभा तेव्हा असती तर हा प्रकार टळला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एवढे खरे की, विद्यापीठाच्या दीर्घ इतिहासातील सर्वांत मोठा परीक्षेचा घोटाळा घडत असताना, आधी प्रश्न विचारण्याचा आणि नंतर जाब मागण्याचा ज्यांचा हक्क, ती माणसे सभागृहात नव्हती.

पुढे 2018 साली निवडणूक झाली आणि मुदत संपल्यावर पुन्हा तेच. 2023 च्या ऑगस्टात पदवीधरांच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला, 10 सप्टेंबर ही मतदानाची तारीख ठरली, आणि आठवडाभरातच 17 ऑगस्टच्या रात्री ती प्रक्रिया स्थगित झाल्याचे परिपत्रक निघाले. मतदारयादीतील दुबार नावांचे कारण पुढे आले. यादी नव्याने करायचे ठरले. एक वर्ष गेले. नव्या कार्यक्रमाप्रमाणे 22 सप्टेंबर 2024 ही तारीख ठरली, तर मतदान अवघ्या दोन दिवसांवर आले असताना पुन्हा स्थगिती! या वेळी प्रकरण उच्च न्यायालयात गेले, सुटीच्या दिवशी ते ऐकले गेले, स्थगितीला स्थगिती मिळाली, आणि 24 सप्टेंबरला अखेर मतदान झाले. तीन दिवसांनी मोजणी झाली. ठाकरे गटाच्या युवासेनेने दहाही जागा जिंकल्या, जशा त्यांनी 2018 साली जिंकल्या होत्या. राजकीय पक्षांनी अधिसभेत का यावे, हा प्रश्न योग्य आहे. पण पक्षांना रोखण्याचा उपाय म्हणून निवडणूकच पुढे ढकलणाऱ्याला तो विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

मतदानाची पद्धतही सांगण्याजोगी आहे, कारण तिच्याविषयी शिकलेल्या माणसांचेही घोटाळे होतात. पदवीधरांच्या दहा जागांपैकी पाच खुल्या आणि पाच राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला. खुल्या पाच जागांसाठी मत फुलीने द्यायचे नसते. नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. वैध मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागायचे, भागाकारात एक मिळवायचा, की विजयाचा कोटा निघतो. सहा हजार वैध मते आणि पाच जागा असतील तर कोटा 1,001 होतो. ज्याला त्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते पडली त्याची वरकड मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते वाटली जातात, आणि हे फेरीमागून फेरी असे रात्र उलटेपर्यंत चालू राहते. या पद्धतीत अल्पसंख्य गटालाही एक जागा मिळू शकते, हा तिचा गुण. आणि शिस्तबद्ध पॅनेलला ‘पहिली पसंती अमुक केंद्रावर अमुकाला’ असे आधीच वाटून देता येते, हे तिचे मर्म. प्राध्यापकांच्या बुक्टू, सुटा, नुटा यांसारख्या संघटना आणि विद्यापीठ विकास मंचासारखी पॅनेले या गणितात किती मुरलेली आहेत हे मोजणीच्या रात्री टेबलांभोवती उभ्या असलेल्या त्यांच्या प्रतिनिधींकडे पाहून कळते. मतपत्रिका उलगडायच्या आत त्यांच्या वहीत फेरीचा अंदाज लिहिलेला असतो.

विद्यार्थ्यांविषयी न बोललेलेच बरे, असे त्यांच्या बाबतीत प्रत्येकाने ठरविलेले दिसते. 2016 च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका पुन्हा सुरू करण्याची तरतूद केली आणि परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना अधिसभेत जागा दिली. 2019 साली त्यांचे वेळापत्रकही निघाले. मग विधानसभेच्या निवडणुकीचे निमित्त झाले, मग महामारी आली. ज्यांच्यासाठी विद्यापीठ आहे त्यांचा अधिसभेतील आवाज कागदावरच राहिला.

कुलपतींच्या दहा नियुक्तांबद्दल एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. कृषी, समाजकार्य, सहकार, विधी, वित्त, संस्कृती अशा क्षेत्रांतील मान्यवर असावेत अशी अपेक्षा. आणि ती चांगली अपेक्षा आहे. पण त्यासाठी अर्ज मागविले जात नाहीत, नावे कोणी सुचविली हे कळत नाही, आणि अमुक माणूस का नेमला याचे एक ओळीचेही कारण प्रसिद्ध होत नाही. एक दिवस राजभवनातून यादी येते, एवढेच. नेमणूक गुणावर झाली असेल तर तो गुण लिहून दाखवण्यात संकोच का असावा? गोव्यातही राज्यपालच कुलपती आहेत. म्हणजे हा काही एका राज्याचा दोष नव्हे, तर गव्हर्नरला कुलपती करणाऱ्या 1857 च्या त्या मूळ कल्पनेचा वारसा आहे, जो कल्पना मांडणारे गेले तरी आपण जपून ठेवला.

या साऱ्यावर उपाय फार गहन नाहीत, आणि त्यांसाठी आणखी एक आयोग नेमण्याची निकड नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, नाहीतर विद्यापीठाने कारण उच्च न्यायालयापुढे ठेवावे, अशी एक ओळ कायद्यात घातली तर ऑगस्टच्या रात्री निघणारी परिपत्रके बरीचशी थांबतील. पदवीबरोबरच पदवीधराचे नाव मतदारयादीत आपोआप चढावे. ज्या विद्यापीठाला लाखो गुणपत्रिका छापता येतात, त्याला एवढी यादी ठेवता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. याला विरोध होईल, आणि तो नेमका कोणाकडून होईल हेही सांगता येते: तेरा हजारांची यादी ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना लाखांची यादी परवडणार नाही.

तोवर मात्र नोंदणी ही ज्याने-त्याने करायची गोष्ट आहे. आपल्या विद्यापीठाच्या निवडणूक विभागाकडे पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदविता येते. पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखीचा पुरावा लागतो. वाचकांपैकी ज्यांची पदवी कपाटात आहे आणि नाव यादीत नाही, त्यांनी पुढची नोंदणी सुरू होताच अर्ज भरावा, आणि घरातल्या नव्या पदवीधराकडूनही तो भरून घ्यावा.